धरणातून महापालिका किती पाणी उचलते, यावर लगाम नक्की कोणाचा? (नाशिक)

पाथर्डी_फाटा:
नमस्कार मंडळी. दरवर्षी ऑक्टोबर आला की पेपरात तीच बातमी, महापालिकेने वाढीव आरक्षण मागितलं, पाटबंधारेने कात्री लावली, मग पालकमंत्र्यांसमोर बैठक, मग खाली पैठणच्या जायकवाडी धरणाला सोडायचं की नाही यावरून आंदोलन आणि शेवटी मे महिन्यात ड्राय डे, म्हणजे पाणी बंदचा दिवस. हे सगळं वाचून वाचून पाठ झालंय, पण एक गोष्ट अजून कळली नाही, की महापालिकेला धरणातून किती पाणी उचलायचं हे ठरवतं कोण, ते उचललेलं मोजतं कोण, आणि जास्त उचललं तर होतं काय? शेतकऱ्याची मोटर नदीवरून काढून नेतात, वीज तोडतात, हे आपण बघतो. शहराच्या जॅकवेलला (धरणातून पाणी उचलायच्या विहिरीला) असा काही नियम लागतो का?

विचारायचं कारण, आमच्या भागात एका मोठ्या सोसायटीच्या टाकीचा ओव्हरफ्लो पाइप कंपाउंडच्या बाहेर काढलाय. पहाटे साडेपाचला पाणी आलं की पाऊण तासात तो वाहायला लागतो आणि सप्लाय बंद होईपर्यंत वाहत राहतो. भिंतीला हिरवं शेवाळ चढलंय, खाली कोणीतरी अळू लावलाय तो कमरेएवढा झालाय. बॉलकॉक बदलायला पाचशे रुपये लागतील. पण मीटर बंद, बिल सरासरीने, त्यामुळे कोणालाच फरक पडत नाही. हे पाणी गंगापूर किंवा मुकणे धरणातून पंप करून, शुद्ध करून, टाकीवर चढवून आणलेलं आहे हो. वर २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे, म्हणजे मागणी अजून वाढणार. या वेळी आरक्षणाच्या बैठकीच्या आधी नागरिक म्हणून लेखी निवेदन द्यायचंय. माहितगारांनी सविस्तर सांगा, पक्षाचं राजकारण नको प्लीज.

निवृत्त_शाखा_अभियंता:
प्रश्न चांगला विचारलात, थोडं लांबण लागेल.

कागदावर लगाम आहे. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा २००५ चा. देशात असं प्राधिकरण आधी आपल्याकडेच झालं. त्यात कोणत्या वापरकर्त्याला किती घाऊक पाणी द्यायचं याचे निकष ठरवणं आणि घाऊक पाणीपट्टीचे दर ठरवणं ही प्राधिकरणाची कामं. मात्र २०११ च्या दुरुस्तीनंतर पिण्याला किती, शेतीला किती, उद्योगाला किती ही मोठी वाटणी मंत्रिमंडळाच्या हातात गेली. प्राधान्यात पिणं पहिलं, २००३ च्या जलनीतीत उद्योग दुसरा होता, तो २०११ मधे खाली गेला आणि शेती दुसरी झाली.

प्रत्यक्षात होतं असं. १५ ऑक्टोबरला धरणात किती साठा आहे ते बघून कालवा सल्लागार समिती बसते. पिण्यासाठीचं आरक्षण १५ ऑक्टोबर ते ३१ जुलै धरतात, पाऊस लांबेल असं वाटलं तर ऑगस्टपर्यंत. नाशिक शहराला रोज साधारण १९ दलघफू (दशलक्ष घनफूट) लागतात. एक दलघफू म्हणजे २.८३ कोटी लिटर, म्हणजे रोजचे ५४ कोटी लिटरच्या आसपास, तुमच्या भाषेत ५४० एमएलडी (रोजचे दशलक्ष लिटर). आता १९ गुणिले २९० दिवस करा, साडेपाच हजार दलघफू. गंगापूर धरणाची आजची क्षमता ५६३० दलघफू आहे (मुळात ७२०० होती, बाकीचं गाळाने खाल्लं). गंगापूर, मुकणे, दारणा मिळून शहर दरवर्षी जवळपास एक अख्खं गंगापूर धरण पितं, हे डोक्यात ठेवा.

आता दुसऱ्या बाजूने गणित. आपल्यासारख्या शहराला निकष माणशी १३५ लिटर. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १४ लाख ८६ हजार होती, आज २२ लाख धरा. २२ लाख गुणिले १३५ म्हणजे २९७ एमएलडी. त्यात गळती, हॉटेलं, दवाखाने, रोज येणारे भाविक, सगळं मोकळ्या हाताने घाला, तरी ५४० चा हिशोब लागायला बरंच काही समजावून सांगावं लागेल. आणि नेमकं तेच समजावून सांगायला कोणी लावत नाही. बैठकीत मागणी येते ती "मागच्या वर्षी इतकं उचललं, लोकसंख्या वाढली, म्हणून यंदा इतकं द्या" अशी. मागच्या वर्षी उचललेलं कुठे गेलं, हे टेबलावर येतच नाही.

जास्त उचललं तर काय? मंजुरीच्या वर गेलेल्या पाण्याला वाढीव दर लागतो. पण मूळ दरच घनमीटरला पैशात आहे हो. हजार लिटरला एक रुपयाही पडत नाही, त्याच्यावर दुप्पट-तिप्पट केलं तरी तो दंड पंपिंगच्या वीजबिलापुढे दिसतसुद्धा नाही. पिण्याचं पाणी कोणी बंद करू शकत नाही, करूही नये. त्यामुळे लगाम आहे पण ओढणारा हात नाही अशी परिस्थिती. माझ्या सगळ्या नोकरीत मला हीच गोष्ट सलत राहिली.

ओझर_वाघाड:
साहेबांनी बरोबर सांगितलं, आता शेतकऱ्याची बाजू ऐका दादा.

आमच्याकडे वाघाड प्रकल्पावर पाणी वापर संस्था आहेत, ओझरला टेलच्या (कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या) तीन संस्था १९९१ च्या सुमारास सुरू झाल्या, बापूसाहेब उपाध्ये आणि समाज परिवर्तन केंद्राच्या लोकांनी गावोगाव फिरून उभ्या केल्या, त्याच्या आधी आमच्या टेलला पाणी पोचतच नव्हतं. आता आम्हाला पाणी मोजून मिळतं. चारीच्या (कालव्यातून शेताकडे जाणाऱ्या पाटाच्या) तोंडाला प्रवाह मोजायचा सिमेंटचा फ्ल्यूम बांधलाय, त्याच्या भिंतीवर सेंटिमीटरची पट्टी रंगवलीय. आवर्तन (कालव्याच्या पाण्याची पाळी) सुटलं की संस्थेचा माणूस आणि खात्याचा माणूस दोघं उभे राहून पट्टी वाचतात, तक्त्यात बघून त्या उंचीला किती प्रवाह ते काढतात आणि वहीत दोघांची सही होते. रात्रीसुद्धा बॅटरी घेऊन जावं लागतं. कोटा संपला की संपला, मग द्राक्षाची छाटणी झालेली असो नाहीतर टोमॅटो फुलात असो. आणि हे चांगलंच झालं बरं का, मोजून मिळायला लागल्यापासून लोक ठिबकवर गेले, कारण वाचलेलं पाणी आपल्याच वाट्याला राहतं हे कळलं.

आता मला सांगा, दहा-वीस एकरवाल्याच्या दारात पट्टी वाचायला माणूस उभा राहतो, आणि रोज ५४ कोटी लिटर उचलणाऱ्याचा आकडा बघायला मी कुठे जाऊ? गंगापूरच्या डाव्या कालव्यावर मखमलाबाद, आडगावकडचे माझे पाहुणे आहेत, त्यांचं आवर्तन दरवर्षी लांबतं किंवा कमी होतं आणि कारण एकच सांगतात, पिण्याचं आरक्षण. पिण्याच्या पाण्याला आमचा विरोध नाही, माझी पोरगी नाशकातच राहते. पण पिण्याच्या नावाखाली जे गटारात जातं त्याला आम्ही आमचं आवर्तन का द्यायचं? शहरासाठी सिंचन कमी झालं की सिंचन पुनर्स्थापना खर्च द्यायचा असा नियम आहे, त्यावरून दोन खात्यांत वर्षानुवर्षं पत्रापत्री चालू असते, ज्याचं रान कोरडं राहिलं त्याला त्यातून काय मिळालं ते कोणी विचारत नाही.

पाइपलाइनवाला:
मी पाणीपुरवठ्याच्या कंत्राटी कामात आहे, कुठलं शहर ते सोडा. एक गैरसमज काढू द्या. "४० टक्के गळती" हा शब्द सगळे वापरतात, नाशिकबद्दलही ४० टक्क्यांच्या आसपासचा आकडा नेहमी बातम्यांत येतो. पण तो गळतीचा आकडा नाही, बिल न होणाऱ्या पाण्याचा आहे. त्यात खरी गळती आहेच, जुने बिडाचे पाइप, जॉइंट, व्हॉल्व्हच्या चेंबरमधून चोवीस तास झिरपणारं पाणी. पण त्यातच बंद मीटर, सरासरी बिल, अनधिकृत अर्ध्या इंची कनेक्शन, सार्वजनिक नळ हे सगळं येतं. जे पाणी लोकांनी वापरलंय पण हिशोबात नाही ते बंद करून धरणातलं पाणी वाचत नाही, फक्त महसूल वाढतो. आणि जे जमिनीत जातंय ते सापडलं तर खरंच वाचतं. ही दोन्ही वेगळी केल्याशिवाय काय बोलायचं?

आणि वेगळी करायची तर मीटर साखळीने लागतात. जॅकवेलवर एक, शुद्धीकरण केंद्रात कच्चं पाणी येतं तिथे एक, शुद्ध होऊन बाहेर पडतं तिथे एक, प्रत्येक जलकुंभाला आत येताना आणि बाहेर जाताना, मग ग्राहकाचा. दोन मीटरच्या मधे जेवढा फरक तेवढी त्या टप्प्याची गळती, सोपं आहे. बहुतेक शहरांत पहिला आणि शेवटचा टप्पा कसातरी असतो, मधले जलकुंभाचे मीटर एक तर नसतात नाहीतर बंद पडलेले असतात, आणि ऑपरेटर टाकी किती फूट भरली यावरून अंदाज लिहितो. रात्री दोन ते चार, जेव्हा कोणी नळ उघडत नाही, तेव्हा एखाद्या झोनमधे किती पाणी जातंय एवढं जरी मोजलं ना, तरी कुठला भाग गळतोय ते दोन आठवड्यात कळतं. केंद्राचा सेवा मापदंडाचा आकडा २००८ पासून ठरलेलाय, बिल न होणारं पाणी २० टक्क्यांच्या आत आणि मीटर १०० टक्के. नवीन काही शोधून काढायचं नाहीये.

नाशिकरोडची_स्मिता:
एक मुद्दा कोणी बोललं नाही. आमच्या नाशिकरोडला दारणेचं पाणी चेहेडी बंधाऱ्यावरून येतं. तिथेच वालदेवी येऊन मिळते आणि तिच्यातून सांडपाणी येतं, उन्हाळ्यात पाणी कमी झालं की वास आणि रंग दोन्ही. मग काय करतात, चेहेडीचं उचलणं कमी करून गंगापूर-मुकणेचं पाणी इकडे वळवतात. म्हणजे सांडपाणी नीट साफ न करण्याची किंमत गंगापूर धरण भरतं. आरक्षणात दारणेचा वाटा शंभर दलघफूच्या आसपास ठेवतात तो एवढ्यासाठीच, जवळचं पाणी आपणच खराब करून ठेवलंय!! पाणी उचलण्यावर नियम लावायचा तर सोडलेल्या पाण्याला वेगळं काढून चालणार नाही. शहर जेवढं घेतं त्यातलं बरंचसं सांडपाणी म्हणून परत येतं, ते नीट शुद्ध केलं तर एकलहऱ्याच्या वीज केंद्राला आणि खाली शेतीला देता येईल आणि तेवढं धरणातलं सुटं होईल. हे निवेदनात नक्की घाला.

गंगापूर_रोड_ते_बोस्टन:
मी मूळची नाशिकची, दहा-बारा वर्षं मॅसॅच्युसेट्समधे आहे. इथला नियम सांगते, म्हणजे तुलना करता येईल. इथे जल व्यवस्थापन कायदा १९८० च्या दशकाच्या मध्यात झाला. दिवसाला सरासरी १ लाख गॅलनपेक्षा जास्त पाणी नदीतून किंवा जमिनीतून काढणाऱ्या प्रत्येकाला तो लागू, मग ते गाव असो, कारखाना असो की गोल्फचं मैदान. १ लाख गॅलन म्हणजे पावणेचार लाख लिटरच, आपल्या १३५ च्या हिशोबाने २८०० माणसांचं पाणी. म्हणजे अगदी लहान गावसुद्धा यात येतं. १९८१ ते ८५ मधे जे वापरत होते त्यांचा तेवढा वापर नोंदवून घेतला आणि त्याच्या वर दिवसाला १ लाख गॅलनपेक्षा जास्त वाढवायचं तर परवाना.

परवान्यात दोन आकडे येतात जे मला महत्त्वाचे वाटतात. घरगुती वापर माणशी रोज ६५ गॅलन (आपले २४६ लिटर, इथल्या लोकांना बागेला पाणी घालायची फार सवय) आणि हिशोब न लागणारं पाणी १० टक्के. दरवर्षी प्रत्येक पाणीपुरवठा संस्थेला राज्याच्या पर्यावरण खात्याकडे कुठल्या विहिरीतून किती काढलं, किती विकलं, किती गायब झालं याचा अहवाल भरावा लागतो. १० च्या वर गेलं तर का जातंय आणि कसं खाली आणणार याचा प्लॅन द्यावा लागतो. नदीचा प्रवाह कमी झाला की लॉनला पाणी घालायचे दिवस कमी करतात, हेही परवान्यातच असतं. सगळं छान आहे असं मी म्हणत नाहीये, बोस्टनच्या उत्तरेची इप्सविच नदी गावांच्या उपशामुळे उन्हाळ्यात काही ठिकाणी चक्क कोरडी पडते आणि त्यावर अजून भांडणं आहेत.

पण खुद्द बोस्टनची गोष्ट ऐका. बोस्टन आणि आसपासच्या गावांना क्वाबिन जलाशयातून पाणी येतं. १९८० च्या दशकात रोजचा उपसा ३० कोटी गॅलनच्या वर गेला होता, म्हणजे जलाशयाला झेपेल त्याच्या वर. तेव्हा कनेक्टिकट नदीचं पाणी वळवून आणायचा प्रकल्प तयार होता. लोकांनी विरोध केला, तो बाजूला ठेवला आणि आधी गळती शोधायची, पाइप बदलायचे, घरोघरी कमी पाण्याचे नळ-फ्लश बसवायचे ठरलं. आज उपसा २० कोटी गॅलनच्या आसपास आहे, लोकसंख्या वाढूनसुद्धा. नाशिकच्या नव्या किकवी धरणाच्या बातम्या वाचते तेव्हा मला हेच आठवतं.

निवृत्त_शाखा_अभियंता:
ताई, हे फार उपयोगाचं लिहिलंत. किकवीबद्दल माझं मत वेगळं आहे, सिंहस्थ आणि वाढ बघता साठा लागणार आहे, गंगापूरचा गाळ कमी होत नाही. पण साडेपाच हजारातले ४० टक्के म्हणजे २२०० दलघफू होतात. काश्यपी धरणाची अख्खी क्षमता १८५२ आहे. वर पाइपलाइनवाल्या भाऊंनी सांगितलं तसं त्यातलं निम्मंच खरी गळती धरा, तरी अर्ध्या काश्यपीच्या वर पाणी होतं. त्याला भूसंपादन नको, पुनर्वसन नको, वनखात्याची परवानगी नको.

पैठणकडचा:
नाशिकच्या धाग्यावर बोलतोय, राग मानू नका. खाली आम्ही आहोत. याच २००५ च्या कायद्यात समन्यायी वाटपाचं, म्हणजे खोऱ्यातल्या वरच्या आणि खालच्या धरणांत पाणी न्यायाने वाटायचं कलम आहे, त्यावर मेंढेगिरी समितीचा अहवाल झाला २०१३ ला, प्राधिकरणाचा आदेश झाला १९ सप्टेंबर २०१४ ला, आणि हायकोर्टाने २०१६ ला तो कायम ठेवला. त्या आदेशाप्रमाणे १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांच्या आत उपयुक्त साठा असेल तर वरून सोडायचं. २०२३ ला ८.६ टीएमसी (अब्ज घनफूट) सोडायचा आदेश झाला तेव्हा तिकडे रस्त्यावर उतरले, इकडेही उतरले. आमच्या नातेवाईकांकडे संभाजीनगरला नळाला कित्येक दिवसांनी पाणी येतं, धरण उशाला असून. तेव्हा उचलणाऱ्या शहराचा हिशोब फक्त नाशिकने द्यायचा असं माझं म्हणणं नाही, आमच्या शहरानेही द्यावा. पण वरचे म्हणतात आमचं पिण्याचं पाणी पळवलं, आणि त्या पिण्याच्या पाण्यात किती खरंच प्यायलं गेलं ते कोणी मोजत नाही, तेव्हा खालच्याला वाटतंच ना. मोजलेला आकडा समोर असता तर निम्मी भांडणं झालीच नसती असं मला मनापासून वाटतं.

पाथर्डी_फाटा:
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. दादा तुमचं पटलं, म्हणून निवेदनात संभाजीनगरचंही नाव घालतोय, गोदावरी खोऱ्यातल्या सगळ्या मोठ्या शहरांना एकच नियम. मसुदा असा करतोय: गंगापूर, मुकणे, दारणा या तिन्ही ठिकाणी रोज उचललेलं पाणी वेबसाइटवर आणि त्यावर पाटबंधारे आणि पालिका दोघांची सही, जशी ओझरला चारीवर होते तशी. आरक्षण मागताना मागच्या वर्षीचं वॉटर ऑडिट जोडल्याशिवाय वाढीव मागणी विचारात घेऊ नये. दरवर्षी हिशोबाबाहेरचं पाणी किती कमी करणार ते आधी लिहून द्यायचं आणि नाही केलं तर वाढीव आरक्षण नाही, चालू पुरवठा मात्र कापायचा नाही. आणि स्मिताताईंचा चेहेडीचा मुद्दा. दंडाबद्दल काय लिहू? दंड शेवटी आपल्याच घरपट्टी-पाणीपट्टीतून जाणार.

पाइपलाइनवाला:
नुसता दंड मागू नका, दंडाचे पैसे त्याच शहराच्या मीटर आणि पाइप बदलण्यासाठी वेगळ्या खात्यात ठेवा असं लिहा. नाहीतर एका सरकारी खिशातून दुसऱ्या खिशात, आणि पाइप तसाच. अजून एक, "ऑडिट" एवढंच लिहिलंत तर टेबलावर बसून केलेला कागद येईल. जलकुंभनिहाय आत-बाहेरचे मीटर आकडे असं स्पष्ट लिहा.

निवृत्त_शाखा_अभियंता:
आणि निवेदनाच्या आधी माहिती अधिकाराचा अर्ज टाका, दोन टाका. एक पाटबंधारेला: गेल्या पाच वर्षांत महिन्यानुसार, धरणानुसार किती दलघफूचं बिल पालिकेला दिलं. दुसरा पालिकेला: त्याच महिन्यांत प्रत्येक शुद्धीकरण केंद्रात किती पाणी आलं. दोन्ही आकडे शेजारी ठेवा, जुळले नाहीत तर तुमचं निवेदन तिथेच तयार झालं. उत्तराला ३० दिवस जातात, अपील लागलं तर अजून, म्हणून ऑगस्टच्या आत अर्ज गेला पाहिजे. एकाच अर्जात दहा प्रश्न घालू नका, फेटाळायला कारण मिळतं.

ओझर_वाघाड:
बैठकीला शेतकरी प्रतिनिधी असतात. निवेदनाची एक प्रत आमच्याकडे पाठवा, आमच्या संस्थेच्या लेटरहेडवर पाठिंबा देतो. आणि एखाद्या रविवारी आवर्तन चालू असताना या ओझरला, फ्ल्यूमवर पट्टी कशी वाचतात ते दाखवतो, निवेदनाला फोटो जोडायला होईल.

पाथर्डी_फाटा:
नक्की येतो काका. अर्ज दोन्ही याच आठवड्यात टाकतो, उत्तर आलं की इथेच आकडे टाकेन. कोणाकडे जुन्या वर्षांच्या पाणी बिलांची किंवा आरक्षण बैठकीच्या इतिवृत्ताची कॉपी असेल तर मेसेज करा.